एक अक्षर म्हणजे नेमकं किती? देवनागरी आणि यंत्रांची दोनशे वर्षांची ओढाताण

(या भागाचं लेखी रूप. बोलण्यातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी आवरून घेतली आहेत.)

आजच्या भागाची सुरुवात एका शब्दाने करू. शब्द आहे 'क्षितिज'. यात अक्षरं किती?

शाळेतल्या कुठल्याही पोराला विचारा, ते सांगेल तीन. क्षि, ति, ज. आता हाच प्रश्न जुन्या छापखान्यातल्या जुळाऱ्याला विचारला असता तर तो म्हणाला असता पाच खिळे: वेलांटी, क्ष, वेलांटी, त, ज. रेमिंग्टन मांडणीच्या टाइपरायटरवर बसलेला टंकलेखक म्हणाला असता सहा वेळा कळ दाबावी लागते, कारण त्यातला क्ष दोन तुकड्यांत उमटवायचा असतो. आणि मी ज्या धंद्यात आहे, म्हणजे सॉफ्टवेअर, तिथे संगणकाला विचारलं तर तो म्हणतो सात.

शब्द एकच, उत्तरं चार. आज मला याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. आपण म्हणतो तंत्रज्ञानाला भाषा नसते, संस्कृती नसते, ते सगळ्यांसाठी सारखंच असतं. पण प्रत्येक यंत्राच्या पोटात 'अक्षर म्हणजे काय' या प्रश्नाचं एक उत्तर आधीच घालून ठेवलेलं असतं. आणि ते उत्तर बऱ्याचदा दुसऱ्या कुणाच्या लिपीवरून काढलेलं असतं.

खिळे आणि तीन मजले

सुरुवात छपाईपासून. पंधराव्या शतकात युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई सुरू झाली तेव्हा ती रोमन लिपीला अगदी फिट बसली. का? रोमन अक्षरं थोडी, एकमेकांपासून सुटी, आणि एका ओळीत शेजारी शेजारी उभी राहणारी. एक अक्षर, एक खिळा. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं सगळं धरलं तरी शंभर-दीडशे खिळ्यांच्या प्रकारांत काम भागतं.

आता देवनागरी बघा. आपल्याकडे अक्षर तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर व्यंजन, वरच्या मजल्यावर मात्रा, अनुस्वार, रफार, आणि तळमजल्यावर उकार. त्यात जोडाक्षरं. 'राष्ट्र' मधला 'ष्ट्र' कसा पाडायचा? एक अखंड खिळा करायचा की तीन तुकडे जोडायचे? अखंड केला तर खिळ्यांचे प्रकार कित्येक शेकड्यांवर जातात. तुकडे केले तर जुळाऱ्याचं काम वाढतं आणि वरच्या मात्रा छापताना तुटतात.

हे कोडं पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सोडवलं गेलं ते बंगालमध्ये, सेरामपूरच्या मिशन छापखान्यात. तिथे विल्यम कॅरी होता, आणि त्याच्याकडे पंचानन कर्मकार नावाचा बंगाली कारागीर होता. धातूवर अक्षर कोरण्याचं खरं कसब या कर्मकाराचं. १८०५ मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण तिथूनच छापून बाहेर पडलं. म्हणजे मराठी छपाईची सुरुवातीची पानं महाराष्ट्रापासून हजार-दीड हजार किलोमीटर दूर तयार झाली.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी वेगळा रस्ता धरला: शिळाछाप. यात खिळे नाहीतच. दगडावर हाताने लिहायचं आणि त्याचा छाप घ्यायचा. हाताला जे येतं ते सगळं छापता येतं. १८३१ मध्ये त्यांनी छापील मराठी पंचांग काढलं. आणि इथे संस्कृतीचा एक वेगळाच धागा येतो. छापाच्या शाईत चरबी असते असा लोकांना संशय, त्यामुळे छापलेला धर्मग्रंथ सोवळ्यात कसा चालेल? सांगितलं जातं की गणपत कृष्णाजींनी यावर तोडगा म्हणून शाईत तूप वापरलं. पुढे कितीतरी धर्मग्रंथ छापले गेले तेही पोथीच्या आकारात, म्हणजे आडवी, लांबट, सुटी पानं. यंत्र नवं, पण वाचणाऱ्याची मांडी आणि समोरचा चौरंग जुनाच होता. मग पुस्तकानेच पोथीचं रूप घेतलं.

मग आले जावजी दादाजी. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागलेला हा माणूस. १८६४ मध्ये त्यांनी अक्षरं ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू हे त्यांच्याकडचे अक्षर कोरणारे कारागीर. निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं आजही लोक जपून ठेवतात ती या अक्षरांच्या वळणासाठी. या मंडळींनी लिपीत काही बदललं नाही. खिळे वाढले तर वाढू दिले, केसेस वाढवल्या, माणसं तयार केली. त्याची किंमत जुळाऱ्याने दिली. शेकडो खण डोक्यात पाठ ठेवून, दिवसभर उभं राहून.

मोडीचं काय झालं

या गोष्टीत एक पात्र मागे राहिलं, मोडी. मराठीचा कारभार शतकानुशतकं मोडीत चालला. पत्रं, हिशेब, वतनाचे कागद, सगळं. मोडीची गंमत अशी की ती हात न उचलता भरभर लिहिण्यासाठी घडलेली आहे. अक्षराला अक्षर जोडून पुढे पळायचं. सुट्या खिळ्यांच्या यंत्राला नेमकं हेच जमत नाही. सेरामपूरला मोडीचे खिळेसुद्धा पाडले गेले होते, पण छपाईत टिकली ती बाळबोध, म्हणजे देवनागरी.

मोडी मागे पडायला कारणं अनेक आहेत. सरकारी धोरण आहे, शाळा आहेत. पण छापील जगात जागा न मिळणं हे त्यातलं मोठं कारण. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीचे रुमालच्या रुमाल आहेत आणि ते वाचू शकणारी माणसं थोडी. युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली २०१४ मध्ये. तोवर ती रोजच्या वापरातून गेलेली होती. यंत्राशी न जुळणाऱ्या लिपीचं काय होऊ शकतं याचं उदाहरण आपल्या घरातच आहे.

लिपी बदला की यंत्र बदला?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रश्न तातडीचा झाला. कारण वर्तमानपत्रं. रोजचा मजकूर, वेळेची मर्यादा आणि शेकडो खिळे. लोकमान्य टिळकांचं नाव घेतलं की आपल्याला मंडाले, गीतारहस्य, केसरीचे अग्रलेख आठवतात. पण केसरीचा खप वाढत होता आणि टिळक छापखान्याचाही विचार करत होते. देवनागरीचे खिळे कमी कसे करता येतील यावर त्यांनी बरीच खटपट केली. त्यातून पुढे जो संच ओळखला जाऊ लागला त्यात सुमारे १९० खिळे होते. शेकड्यांतून १९० वर येणं म्हणजे केवढी बचत!

सावरकर याच्या पुढे गेले. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ असे वेगळे स्वर कशाला ठेवायचे? 'अ' लाच वेलांटी, उकार, मात्रा लावा. अि, अी, अु, अू, अे, अै. सहा खिळे एका फटक्यात गेले. 'किर्लोस्कर' मासिकाने ही पद्धत बरीच वर्षं वापरली. जुने अंक चाळले तर 'आणि अेक' असं छापलेलं दिसतं, आणि नव्या वाचकाला ती छपाईची चूक वाटते. चूक नाही ती, ठरवून केलेला बदल आहे. तिकडे हिंदीच्या बाजूने काका कालेलकरही अशाच सुधारणांच्या समितीचं काम पाहत होते.

सगळ्यात धाडसी सूचना आली १९५३ मध्ये, लखनौच्या परिषदेतून. ऱ्हस्व वेलांटी ही यंत्राची मोठी डोकेदुखी. उच्चारात ती व्यंजनाच्या नंतर येते, लिहिताना मात्र आधी. परिषदेने सुचवलं की ऱ्हस्व वेलांटीसुद्धा उजवीकडे द्या, फक्त तिचा दांडा अर्धवट ठेवा. म्हणजे 'कि' आणि 'की' दोन्ही उजवीकडे वळणार, फरक काय तो दांड्याच्या लांबीचा. लोकांनी ते स्वीकारलं नाही आणि काही वर्षांत ती सूचना मागे पडली.

आज आपल्याला हे सगळं विचित्र वाटतं. पण त्यांच्या जागी बसून बघा. समोरचं यंत्र लोखंडाचं आहे आणि परदेशात बनतं. लायनोटाइपच्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये साच्यांसाठी जेमतेम ९० खाचा. एकविसाव्या शतकात यंत्र इतकं लवचिक होईल हे त्यांना कसं ठाऊक असणार? त्यांच्यापुढे दोनच पर्याय होते: लिपी कापा, नाहीतर मागे राहा. माझ्या मते ही माणसं लिपीच्या विरोधात नव्हती. ती आपल्या काळाच्या हार्डवेअरवर चालेल असं सोल्यूशन शोधत होती.

तीस आणि चाळीस

टाइपरायटरने ही ओढाताण कचेरीत आणली. यंत्राला ४४-४६ कळा, प्रत्येक कळीवर दोन चिन्हं. म्हणजे नव्वदच्या आसपास जागा. यात आख्खी देवनागरी बसवायची. मग युक्ती काढली: भ, ध, घ, ष, क्ष यांचा फक्त डावा भाग एका कळीवर ठेवायचा आणि उजवा दांडा कान्याच्या कळीने द्यायचा. 'भ' म्हणजे अर्धा भ अधिक काना. हुशारी आहे यात, शंकाच नाही. पण प्रत्येक वेळी एक कळ जास्त.

आता लिपिक-टंकलेखक पदाची सरकारी जाहिरात आठवा. मराठी ३० शब्द प्रति मिनिट किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट. हे आकडे आपण इतक्या वेळा वाचलेत की त्यात काही वावगं वाटत नाही. पण मराठी माणूस मराठीत हळू विचार करतो म्हणून हा फरक आलेला नाही. माझ्या मते या दहा शब्दांच्या फरकात त्या जादा कळा दडलेल्या आहेत.

मोबाइल आला तेव्हाही हेच झालं. १९८५ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाचे अभियंते मोबाइलवरच्या छोट्या संदेशाची लांबी ठरवत होते. त्यांनी टाइपरायटरवर वाक्यं टाइप करून अक्षरं मोजली, लोकांच्या पोस्टकार्डांवरचा मजकूर पाहिला आणि ठरवलं की १६० अक्षरं पुरतात. ७ बिटांचं एक अक्षर, म्हणजे १,१२० बिट. त्यात रोमन मावते. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात. १,१२० भागिले १६ म्हणजे ७०. त्या ७० मध्ये काना, मात्रा, वेलांटी, सगळ्याची वेगळी मोजणी. म्हणजे मराठीत लिहिलं की एसएमएस अर्ध्याहून छोटा. त्यात साध्या फोनवर मराठी नीट दिसायचीही नाही. मग एक आख्खी पिढी रोमनमध्ये मराठी लिहायला शिकली. त्या पिढीला आपण आळशी म्हणतो. पण तिच्या हातात जे यंत्र दिलं होतं त्याची पट्टी पोस्टकार्डांवरून ठरली होती, आणि ती पोस्टकार्डं मराठी नव्हती.

पुण्यातून सुटलेली गाठ

गाठ सुटली ती १९८० च्या दशकात. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिपींसाठी संगणकाचं काम सुरू झालं. ते पुढे पुण्यात, नव्याने सुरू झालेल्या सी-डॅकमध्ये आलं. त्यातले एक महत्त्वाचे अभियंते मोहन तांबे. या मंडळींनी प्रश्नच बदलला. आतापर्यंत सगळे विचारत होते की अक्षराचे दिसणारे तुकडे किती करायचे. यांनी विचारलं, आपण बोलतो कसे? संगणकाने उच्चाराचा क्रम साठवावा. 'कि' साठी आधी क, मग वेलांटी. वेलांटी डावीकडे दाखवायची हे काम यंत्राचं, माणसाचं नाही.

लखनौला ज्या वेलांटीची जागा बदलायची चर्चा झाली तिचा प्रश्न असा तीस-पस्तीस वर्षांनी लिपीला हातही न लावता सुटला.

१९८६ चा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड याच विचाराचा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. क च्या कळीवर शिफ्ट दाबला की ख, ग वर शिफ्ट की घ. ही पाणिनीय परंपरेतली वर्णमालेची मांडणी आहे. वर्णमाला भारतीय लिपींत जवळपास सारखी, म्हणून तोच कीबोर्ड तेलुगू, बंगालीलाही चालतो. इस्की नावाचं प्रमाण आलं, आणि १९९१ च्या युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता त्याच्याच आधारावर बनला. पुढे विंडोज २००० मध्ये आलेला 'मंगल' फॉन्ट मुंबईच्या र. कृ. जोशींनी घडवलेला.

आता सगळं सुरळीत? नाही. इथे गोष्टीला दुसरं वळण मिळतं. इतके दिवस देवनागरीला रोमनच्या चौकटीत बसावं लागत होतं. आता मराठीला हिंदीच्या चौकटीत बसावं लागलं.

'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा'. पहिल्यात गुरुजी येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा 'ऱ्य' मराठीचा खास, हिंदीत हा भेदच नाही. युनिकोडच्या तक्त्यात ऱ आहे, पण तिथली टीप सांगते की हे अक्षर द्राविडी भाषांतला एक र लिहिण्यासाठी, आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे 'आयलॅश रा', पापणीसारखा र. म्हणजे रोजच्या मराठीतला र दुसऱ्याच्या घरात भाडेकरू म्हणून राहतोय! शिवाय तो लिहायच्या दोन रीती आहेत: ऱ ला हलन्त करून, किंवा साध्या र् नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण साध्या सर्चला दोन वेगळे शब्द वाटतात. तेच 'ॲप' मधल्या ॲ चं. त्याला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवत. आजही दोन्ही रूपं चालू आहेत, आणि संगणकासाठी ती एक नाहीत.

ल आणि श यांचंही तसंच. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात प्रमाण ठरवले. पण कितीतरी फॉन्ट आपल्यापुढे हिंदी वळण ठेवतात. खरं तर अनेक चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. वेब पानाने आपली भाषा 'मराठी' आहे असं कोडमध्ये एका शब्दात सांगितलं की पुरे. तो एक शब्द लिहायचा राहून जातो, एवढंच.

क्षितिज, पुन्हा

सुरुवातीचा प्रश्न अजून बाकी आहे. माणसाला जे एक अक्षर वाटतं ते संगणकाने कसं ओळखायचं यासाठी युनिकोडचे नियम आहेत. कर्सर कुठे थांबणार, शब्द कुठे तोडायचा, हे त्यावर ठरतं. बरीच वर्षं त्या मूळ नियमांप्रमाणे 'क्षितिज' चे चार भाग होत: क्, षि, ति, ज. जोडाक्षर मधोमध तुटायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं, त्यात भारतीय जोडाक्षरांसाठी नवा नियम घातला गेला. आता उत्तर येतं तीन. शाळेतल्या पोराचं उत्तर. सेरामपूरच्या व्याकरणापासून मोजलं तर २१८ वर्षं लागली.

यातून मी काय घेतो? सावरकरांच्या अ च्या बाराखडीमागे अक्कल होती, लखनौच्या वेलांटीमागेही होती. पण त्यांनी यंत्राची मर्यादा कायमची धरली, आणि यंत्रच बदललं. मोडीला मात्र तेवढा वेळ मिळाला नाही. त्यामुळे आज कुणी म्हणालं की 'रोमनमध्येच लिहा, सोपं पडतं' किंवा 'आता बोलूनच टाइप होतं, लिपीचं काय घेऊन बसलात', तर थोडं थांबून विचारावं की ही सोय कुणाच्या मापाने शिवलेली आहे.

आणि माझ्यासारखे जे कोड लिहितात त्यांच्यासाठी एक छोटं काम. आपल्या सर्च बॉक्समध्ये 'दऱ्या' दोन्ही रीतींनी टाकून बघा. नावाच्या रकान्याला अक्षरांची मर्यादा घातली असेल तर तिथे एखादं जोडाक्षरांचं लांब मराठी नाव भरून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. पंचानन कर्मकाराला एकेक अक्षर पोलादात कोरावं लागलं होतं. आपल्याला फक्त एक टेस्ट केस लिहायची आहे.

तुमच्याकडे 'अेक', 'अितिहास' छापलेलं एखादं जुनं पुस्तक किंवा मासिक असेल तर जरूर कळवा. आजच्यापुरतं एवढंच. भेटूया पुढच्या भागात.